आज्ञावली सर्वांसाठी : कशासाठी आणि कशी?

बँकेच्या नोकरीत ज्यांची तीस-पस्तीस वर्षे गेली, त्यांना बचत खात्यावरील व्याजाचा जुना नियम अजूनही तोंडपाठ असेल. महिन्याच्या दहा तारखेच्या अखेरीपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी किमान शिल्लक राहिली असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरावयाचे. त्यासाठी खातेवहीचे पान उघडावे, दहा तारखेची शिल्लक आणि नंतरच्या नोंदी यांवरून नजर फिरवावी, त्यांतील सर्वांत लहान आकडा पेन्सिलीने टिपावा, सहा महिन्यांच्या सहा आकड्यांची बेरीज करावी, बेरजेला व्याजदराने गुणून बाराशेने भागावे आणि आलेले व्याज खात्यात लिहावे. सहामाहीच्या अखेरीस शाखेत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत, ते याच कामासाठी.

१ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार हे व्याज दररोजच्या शिलकीवर मोजले जाऊ लागले. ग्राहकांच्या हिताचा हा बदल शक्य झाला तो शाखांच्या संगणकीकरणामुळे. हजारो खात्यांच्या रोजच्या शिलकीचा हिशेब हाताने ठेवणे कोणत्याही शाखेच्या आवाक्यातले नव्हते. यंत्राने माणसाचा भार हलका केला आणि ग्राहकाच्या पदरात चार पैसे अधिक पडले, यात शंका नाही.

मात्र या स्थित्यंतरात आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी व्याज काढणाऱ्या लेखनिकाला नियम ठाऊक असे, कारण तो नियम त्यालाच रोज पाळावा लागे. आता तो नियम माणसाच्या डोक्यातून निघून यंत्राच्या आज्ञावलीत जाऊन बसला आहे. आज्ञावली म्हणजे ज्याला आपण सर्रास प्रोग्रॅम म्हणतो ती, संगणकाने क्रमाने पाळावयाच्या सूचनांची मालिका. आपले व्याज, हप्ता, दंड, कर्जाची पात्रता या सर्व गोष्टी आज अशा आज्ञावल्या ठरवितात. नियम यंत्रात गेले, पण ते वाचू शकणारी, त्यांना प्रश्न विचारू शकणारी माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत. अधिकाधिक लोकांनी प्रोग्रॅमिंग शिकावे काय, आणि शिकावे तर त्यांना उत्तेजन कसे द्यावे, या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखात याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

चवीपुरते मीठ यंत्राला कळत नाही

आपल्याकडील पाककृतींत 'चवीपुरते मीठ' आणि 'कणीक सैलसर भिजवावी' अशा सूचना असतात. वाचणारी गृहिणी अनुभवी असते, त्यामुळे तिचे काही अडत नाही. संगणकाला मात्र अनुभव नसतो. त्याला मीठ किती, पाणी किती आणि थांबायचे केव्हा, हे सारे सांगावे लागते. जे सांगितले नाही ते तो करत नाही, आणि चुकीचे सांगितले तर तेही तो तितक्याच निष्ठेने करतो. माहीत असलेले काम इतक्या नेमकेपणाने सांगता येणे, हीच प्रोग्रॅमिंगची खरी विद्या. संगणकाची भाषा हे तिचे केवळ साधन आहे.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. एका ग्राहकाने १,००,००० रुपयांचे कर्ज घेतले. व्याजदर वार्षिक १२ टक्के, म्हणजे दरमहा १ टक्का. मुदत १२ महिने. समान मासिक हप्ता येतो ८,८८४ रुपये ८८ पैसे. पूर्ण रुपयात तो ८,८८५ रुपये धरू. या कर्जाचा तक्ता तयार करण्यासाठी यंत्राला पुढीलप्रमाणे सूचना देता येतील :

१. बाकी १,००,००० रुपये धर.
२. बाकीवर १ टक्का व्याज काढ.
३. ते व्याज बाकीत मिळव.
४. त्यातून ८,८८५ रुपये वजा कर. उरेल ती नवी बाकी.
५. बाकी शून्य झाली असेल तर थांब, नसेल तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा.

पहिल्या महिन्यात व्याज १,००० रुपये येते आणि बाकी ९२,११५ रुपये उरते. दुसऱ्या महिन्यात व्याज ९२१ रुपये १५ पैसे, बाकी ८४,१५१ रुपये १५ पैसे. तिसऱ्या महिन्यात व्याज ८४१ रुपये ५१ पैसे, बाकी ७६,१०७ रुपये ६६ पैसे. व्याजाचा भाग कमी होत जातो, मुद्दलाचा वाढत जातो. सारे आपल्या अपेक्षेप्रमाणे चालले आहे.

आता शेवटाकडे या. बाराव्या महिन्यात व्याज मिळवून बाकी सुमारे ८,८८३ रुपये ५० पैसे होते. त्यातून ८,८८५ रुपये वजा केले की उत्तर शून्य येत नाही, तर शून्याहून सुमारे दीड रुपया कमी येते. हप्ता पूर्ण रुपयात धरताना जे बारा पैसे वाढले, त्यांचा हा एकत्रित परिणाम. पाचवी सूचना म्हणते, बाकी शून्य झाली तर थांब. बाकी नेमकी शून्य झालेलीच नाही. मग यंत्र तेराव्या महिन्यात पुन्हा हप्ता वजा करते, चौदाव्यातही करते आणि थांबतच नाही. ग्राहकाचे कर्ज फिटून गेले, तरी यंत्राच्या दृष्टीने हप्ते चालूच राहतात.

चूक कोठे झाली? बेरीज चुकली नाही, दर चुकला नाही. चुकला तो एक शब्द. 'शून्य झाली' याऐवजी 'शून्य किंवा त्याहून कमी झाली' असे म्हणावयास हवे होते. त्याहूनही चांगली दुरुस्ती चौथ्या पायरीत करता येते : हप्ता किंवा व्याजासह असलेली बाकी, यांपैकी जी रक्कम लहान असेल तीच वजा कर. मग शेवटचा हप्ता आपोआप दीड रुपयाने कमी होतो आणि ग्राहकाकडून एक पैसाही जादा घेतला जात नाही.

हाच तक्ता घेऊन आणखी एक प्रयोग करावा. हप्ता ८,८८५ ऐवजी ९०० रुपये ठेवा. पहिल्या महिन्याचे व्याज १,००० रुपये, भरणा ९०० रुपये. बाकी होते १,००,१०० रुपये. पुढच्या महिन्यात १,००,२०१ रुपये. हप्ता नियमित भरूनही कर्ज वाढतच राहते, आणि आपली दुरुस्त केलेली आज्ञावलीही कधी थांबत नाही. हे उदाहरण केवळ कागदावरचे नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जात दर वाढला आणि हप्ता तोच ठेवून मुदत लांबविली, तर हप्ता व्याजालाही पुरेनासा होण्याचा धोका संभवतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात, दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढविण्याचा, मुदत वाढविण्याचा किंवा दोन्हींचा पर्याय द्यावा आणि मुदतवाढीमुळे कर्ज फुगत जाणार नाही याची काळजी घ्यावी, असे बँकांना बजावले. ज्याने वरील पाच ओळी एकदा स्वतः लिहून पाहिल्या आहेत, त्याला त्या परिपत्रकाचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

ही कल्पना जुनीच आहे

प्रोग्रॅमिंग हे मूठभर तज्ज्ञांचे राखीव क्षेत्र राहू नये, हा विचार संगणकाइतकाच जुना म्हटल्यास वावगे ठरू नये. १९५९ साली अमेरिकेत व्यापारी कामकाजासाठी एक समान भाषा असावी म्हणून समिती बसली आणि तिच्यातून कोबोल ही भाषा जन्माला आली. तिच्या जडणघडणीवर ग्रेस हॉपर या विदुषींच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. हिशेबाचे काम जाणणाऱ्या माणसाला आज्ञावली वाचता आली पाहिजे, त्यासाठी तिच्यातील शब्द गणिती चिन्हांऐवजी साध्या इंग्रजीतले असावेत, असा त्यांचा आग्रह होता. जगभरच्या बँकांनी ही भाषा उचलली, यात नवल नाही.

१९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा तयार केली. विज्ञानाखेरीज इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यामागील हेतू होता. १९६७ साली लोगो ही भाषा खास मुलांसाठी अवतरली. तिच्या निर्मात्यांपैकी एक, सीमोर पेपर्ट, यांनी शिक्षणाच्या क्षेत्रात एक मोलाचा विचार रुजविला. आज्ञावली पहिल्याच प्रयत्नात बरोबर येत नाही, ती शोधून दुरुस्त करावी लागते. त्यामुळे मूल चुकीला लाजण्याऐवजी तिच्याकडे कुतूहलाने पाहू लागते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉन भाषेचे जनक खीदो फान रॉसम यांनी १९९९ मध्ये 'सर्वांसाठी प्रोग्रॅमिंग' या आशयाची एक योजनाच मांडली होती.

आपल्या देशातही प्रयत्न झाले. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने 'क्लास' या प्रकल्पाद्वारे सुमारे अडीचशे निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक पोहोचविले. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो स्त्रीपुरुषांच्या मनातील संगणकाची भीती घालविली. केरळात शासकीय आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' ही मंडळे सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर प्रोग्रॅमिंगची ओळख करून देण्याची शिफारस केली. इंग्लंडने तर सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांपासूनच हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात घेतला.

या इतिहासातून एक भेद स्पष्ट होतो. संगणक वापरता येणे ही एक पायरी आणि संगणकाला काम सांगता येणे ही दुसरी. आपल्याकडे पहिल्या पायरीवर फार मोठे काम झाले. दुसऱ्या पायरीवर मात्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी सोडले तर फारसे कोणी चढले नाही.

नकळत प्रोग्रॅमिंग करणारे

खरे पाहता आपल्यापैकी अनेक जण दुसऱ्या पायरीवर उभे आहेत, फक्त त्यांना त्याची जाणीव नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क हा संगणकीय तक्ता बाजारात आणला. आज त्याचीच पुढची रूपे प्रत्येक कचेरीत दिसतात. एका चौकटीत सूत्र लिहिले, ते खाली ओढले, थकीत खाती वेगळी काढण्यासाठी 'असे असेल तर' अशी अट घातली, की आपण प्रोग्रॅमिंगच करीत असतो.

त्याची जाणीव नसल्यामुळे मात्र त्याची शिस्तही अंगी येत नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन ख्यातनाम अर्थतज्ज्ञांनी २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक सरकारी कर्ज असलेल्या देशांची वाढ खुंटते, असे त्याचे प्रतिपादन होते. अनेक देशांतील काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ त्याचा दाखला दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने तो मूळ तक्ता मागवून तपासला. सरासरीच्या सूत्राने वीस देशांऐवजी पंधराच देशांच्या ओळी घेतल्या होत्या, पाच देश गळले होते. निष्कर्षावर आक्षेप घेण्यास याखेरीज इतरही कारणे होती, आणि सूत्रातील चुकीचा वाटा त्यांत लहानच होता. परंतु तीन वर्षे ही चूक कोणाच्या नजरेस आली नाही, हे विसरता येत नाही. शाखेतील एखाद्या तक्त्यातही शेवटच्या पाच ओळी सूत्राबाहेर राहू शकतात. त्या पाच ओळींत पाच ग्राहक असतात.

तीन आक्षेप

अधिकाधिक लोकांनी प्रोग्रॅमिंग शिकावे, या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्हींत तथ्य आहे, म्हणून त्यांचा नीट विचार करावयास हवा.

पहिला आक्षेप असा की, प्रत्येकाने प्रत्येक विद्या शिकण्याची गरज नसते. घरात वीज असली म्हणून घरातील प्रत्येकाने वायरमन व्हावे काय? हा प्रश्न योग्य आहे. सर्वांनी व्यावसायिक आज्ञावलीकार व्हावे, असे कोणीही म्हणू नये. पण फ्यूज उडाला की काय पाहावे आणि ओल्या हाताने बटण का लावू नये, एवढे ज्ञान घरातील प्रत्येकाला असावेच लागते. प्रोग्रॅमिंगचे ज्ञानही सर्वसामान्यांना तेवढे असावे, हा आपला आग्रह आहे.

दुसरा आक्षेप उत्तेजनाच्या प्रकाराविषयी आहे. नोकरीचे आमिष आणि मागे पडण्याची भीती दाखवून हा विषय विकला जातो, असे टीकाकार म्हणतात. दुर्दैवाने ते खरे आहे. २०२० च्या टाळेबंदीत सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींचा पूर आला. लहान वयात गडगंज पगार मिळविणाऱ्या मुलांच्या कहाण्या त्यांतून रंगविल्या जात. अखेर जाहिरात क्षेत्राच्या नियमन संस्थेच्या सांगण्यावरून त्यांतील काही मागे घ्याव्या लागल्या. अशा वर्गांसाठी कर्ज काढण्यापूर्वी पालकांनी दहा वेळा विचार करावा. भीतीपोटी सुरू केलेले शिक्षण भीती ओसरताच थांबते, आणि मुलाच्या मनात विषयाबद्दल अढी मात्र कायमची राहते.

तिसरा आक्षेप सर्वांत नवा आहे. २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली. साध्या भाषेत मागणी केली की ती क्षणार्धात आज्ञावली लिहून देतात. मग शिकावयाचे कशाला? याचे उत्तर आपल्या पाच ओळींतच आहे. यंत्राने लिहून दिलेल्या आज्ञावलीत 'शून्य झाली तर थांब' असे असेल, तर ते कोण ओळखणार? शेवटचा हप्ता कमी घ्यावयाचा की नाही, हा प्रश्न तिला कोण विचारणार? आज्ञावली लिहिण्याचे श्रम कमी झाले, तसे ती तपासण्याचे महत्त्व वाढले. गणकयंत्र आले म्हणून अंदाजाने उत्तर पडताळणारा जुना कॅशियर निरुपयोगी ठरला नाही. बटण चुकून दाबले गेले की पहिल्यांदा त्यालाच शंका येत असे.

उत्तेजन कसे द्यावे?

पहिली गोष्ट, सुरुवात स्वतःच्या कामापासून व्हावी. बहुतेक पुस्तके भूमितीच्या आकृत्यांनी किंवा अवघड गणितांनी सुरू होतात आणि वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली, तेव्हा नियम सांगून लगेच व्यवहारातील उदाहरण द्यावयाचे, अशी पद्धत ठेवली. मुद्दल आणि व्याजाची गणितेही त्यांत आहेत. भिशीच्या हिशेबापासून, सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या वाटणीपासून, मुदत ठेवींच्या तारखांच्या यादीपासून आरंभ केला, तर शिकणाऱ्याला उत्तर बरोबर आले की नाही हे स्वतःलाच कळते. गुरूची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट, भाषेचा अडसर दूर व्हावा. प्रोग्रॅमिंगच्या भाषांतील मूळ शब्द इंग्रजी असतात, पण ते थोडे असतात आणि आठवड्याभरात पाठ होतात. खरी अडचण असते ती समजावून सांगण्याच्या भाषेची. 'असे असेल तर', 'तोपर्यंत', 'नाहीतर' या संकल्पना ज्याला मराठीतून एकदा उमजल्या, त्याला इंग्रजी शब्दांचे ओझे वाटत नाही. पायथॉनच्या २००८ पासूनच्या आवृत्तीत तर नावे देवनागरीत ठेवता येतात. 'बाकी', 'व्याज', 'हप्ता' असे शब्द आज्ञावलीत लिहिलेले चालतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्र पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते घरबसल्या पाहता येतील. लहान मुलांसाठी २००७ पासून उपलब्ध असलेले स्क्रॅच हे साधन चांगले. त्यात रंगीत तुकडे एकमेकांत बसवून आज्ञावली तयार होते आणि टंकलेखनाच्या चुकांमुळे मूल वैतागत नाही. ही सारी साधने फुकट आहेत, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत तरी या छंदावर पैसा खर्च करण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट, सोबत असावी. एकट्याने शिकणारा पहिल्या अडचणीपाशी थांबतो, दोघे असले की वाट निघते. आपल्या बँकेत तर अशा जोड्या सहज जुळतील. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सहकाऱ्याला नियम, अपवाद आणि अपवादांचे अपवाद ठाऊक असतात. नुकत्याच रुजू झालेल्या तरुणाला यंत्राची भाषा येते. तरुण लिहील आणि ज्येष्ठ विचारील, 'खातेदार महिन्याच्या मध्यावर वारला तर तुझी आज्ञावली काय करील?' अशा एका प्रश्नाने जे शिक्षण होते, ते महिनाभराच्या व्याख्यानांनी होत नाही. घरीही नातवाने आजोबांना यंत्र दाखवावे आणि आजोबांनी नातवाला व्याजाचा नियम सांगावा. 'हे आपले काम नाही' असे वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या भगिनींनीही या मंडळींत सामील व्हावे. महिन्याच्या जमाखर्चाचा ताळमेळ बसविणाऱ्या गृहिणीला अटी आणि पायऱ्या नव्याने शिकवाव्या लागत नाहीत.

चौथी गोष्ट, चुकीला शिक्षा नसावी. बँकेत चूक म्हणजे गंभीर बाब, आणि ते योग्यच आहे. पण शिकताना हीच सवय आड येते. कर्मचारी कळ दाबण्यास कचरतात. त्यासाठी सरावाची जागा आणि कामाची जागा वेगळी ठेवावी. सराव नेहमी काल्पनिक खात्यांवर आणि काल्पनिक नावांवरच करावा. ग्राहकांची खरी माहिती घरच्या संगणकावर नेणे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या सार्वजनिक साधनात घालणे हा विश्वासघात ठरेल. बँकेच्या यंत्रणेवर स्वतः लिहिलेली आज्ञावली परवानगीवाचून चालवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. ज्याला हे बंधन का आहे ते कळले, तो अर्धे प्रोग्रॅमिंग शिकला असे समजावे.

घरी करून पाहण्यासाठी

लेख वाचून बाजूला ठेवण्यापेक्षा पुढील तीन उदाहरणे सोडविली तर अधिक लाभ होईल. यंत्र हाताशी नसल्यास कागद-पेन्सिल पुरे.

एक : वर दिलेली कर्जाची आज्ञावली दुरुस्त करून, बाराही महिन्यांचा तक्ता तयार करा. शेवटचा हप्ता किती येतो आणि बाकी नेमकी शून्य होते काय, ते पाहा.

दोन : दहा हजार रुपये वार्षिक सात टक्के चक्रवाढ दराने ठेवले, तर किती पूर्ण वर्षांनी ते दुपटीहून अधिक होतील? सूत्र न वापरता, दर वर्षी व्याज मिळवीत जाण्याच्या पायऱ्या लिहा. थांबण्याची अट नीट शब्दांत मांडा. उत्तर अकरा वर्षे येईल. दहा वर्षांअखेर रक्कम दुपटीला थोडी कमी पडते, हेही तपासा.

तीन : कार्डांच्या क्रमांकांतील शेवटचा अंक तपासणीसाठी असतो. ही पद्धत हान्स पीटर लून यांची. उजवीकडून सुरुवात करून एक आड एक अंक, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा असे, दुप्पट करावे. दुप्पट नऊहून अधिक झाल्यास त्यातून नऊ वजा करावेत. मग सर्वांची बेरीज करावी. ती दहाने पूर्ण भागली गेली तर क्रमांक ग्राह्य. १२३० हा लहानसा क्रमांक घ्या. ०, ६, २, २ यांची बेरीज १० येते, म्हणून तो ग्राह्य. आता मधल्या दोन अंकांची अदलाबदल होऊन १३२० झाला असे समजा. ०, ४, ३, २ यांची बेरीज ९ येते आणि चूक पकडली जाते. या पडताळणीच्या पायऱ्या क्रमाने लिहून काढा. मात्र प्रयोगासाठी स्वतःच्या कार्डाचा क्रमांक कोणत्याही संकेतस्थळावर टाकू नका.

समारोप

संगणक बँकेत येऊ घातला, तेव्हा त्याने नोकऱ्या जातील या भीतीने मोठा विरोध झाला होता. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांचे १९८४ आणि १९८९ मधील अहवाल, कर्मचारी संघटनांशी झालेले करार, असा तो प्रवास पायरीपायरीने झाला. ज्यांनी त्या काळात यंत्राशी ओळख करून घेतली, त्यांची भीती गेली. आज भीतीचे रूप बदलले आहे. यंत्र जे सांगेल ते मान खाली घालून स्वीकारावयाचे, असा एक नवा धाक मनात बसू पाहत आहे. 'सिस्टीमच तसे दाखवते' हे वाक्य काउंटरच्या दोन्ही बाजूंना ऐकू येते.

त्या वाक्यानंतर 'सिस्टीमला तसे कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगितले?' असा प्रश्न ज्याला सुचतो, त्याला प्रोग्रॅमिंगचा गाभा समजला. असा प्रश्न विचारणारा एक कर्मचारी प्रत्येक शाखेत आणि एक माणूस प्रत्येक घरात असावा, एवढे उद्दिष्ट आपण समोर ठेवले तरी पुष्कळ होईल. वाचकहो, आरंभासाठी पाच ओळी आणि एक लाखाचे काल्पनिक कर्ज आपल्यापाशी आहेच. येत्या रविवारी तासभर काढून ते फेडून पाहावे.